कारागिराचे नाव नसलेली रायफल

समीक्षेच्या वर्गात ‘मूल्य’ हा शब्द आम्ही शिक्षक इतक्या सहजपणे वापरतो की तो उच्चारल्यावर आपल्याला काही सिद्ध करावे लागेल, ही धास्तीच उरलेली नाही. वाङ्मयीन मूल्य, कलामूल्य, जीवनमूल्य अशी सामासिक पदे फळ्यावर लिहिली की तास पुढे सरकतो. एखाद्या वस्तूचे मूल्य खरोखरच ठरवायचे आहे, त्यावर कुणाचे तरी पैसे अवलंबून आहेत आणि समोरची वृद्ध व्यक्ती आपल्या शब्दावर विसंबून आहे, असा प्रसंग आमच्यावर सहसा येत नाही. गेल्या हिवाळ्यात तो माझ्या आतेभावावर आला आणि त्याच्यामुळे थोडासा माझ्यावरही. वस्तू होती शिकारीची एक वापरलेली रायफल, मूळ मालकाने कारागिराकडून खास आपल्यासाठी घडवून घेतलेली.

आधीच सांगतो, बंदुकीशी माझा संबंध एनसीसीतल्या .२२ रायफलीपुरता. पाच गोळ्या मिळाल्या होत्या, त्यांतल्या तीन फलकाला लागल्याच नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची परंपरा संपवली आणि त्याचे मला मुळीच दुःख नाही. पण भाऊ राहतो अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या लुइस्टन गावी. स्नेक आणि क्लिअरवॉटर या नद्या तिथे एकत्र येतात. सभोवार उभे डोंगर, खोल दऱ्या. शरद ऋतूत परवाना काढून हरणाच्या वा एल्कच्या मागावर जाणे हा तिथल्या शेजारधर्माचाच भाग. भाऊही गेली काही वर्षे जातो. त्याच्या ओळखीतले एक वयस्क गृहस्थ वारले आणि त्यांच्या पत्नीने त्यांची रायफल विकायला काढली. गावातल्या एका दुकानदाराने ९०० डॉलर देऊ केले. बाईंचे म्हणणे असे की हिचा लाकडी दस्ता अल बीझेन यांनी घडवलेला आहे. ते खरे ठरले असते तर किंमत कितीतरी पट झाली असती. रायफलीवर मात्र बीझेन यांचे नाव कुठेही नाही. भावाचा फोन आला, “दादा, कवीचे नाव नसलेल्या कवितेचं तुम्ही लोक काय करता?”

प्रश्न मला का विचारला, याला एक कारण होते. लुइस्टनमध्ये जॅक ओकॉनर राहत असत. बंदुकांवर लिहिणारा लेखक म्हणून अमेरिकेत त्यांचे नाव मोठे. पण हे गृहस्थ मुळात आपल्याच जातकुळीतले, म्हणजे साहित्याचे प्राध्यापक. मिसूरी विद्यापीठातून एम.ए. झालेले, टेक्सास आणि ॲरिझोनातल्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवलेले, नंतर टूसानच्या ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापन केलेले. १९३० मध्ये त्यांची पहिली कादंबरी निघाली, १९३८ मध्ये दुसरी. पुढे ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाचे शस्त्रविषयक सदर हाती आले आणि १९४५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. कादंबरीकार ओकॉनर आज कुणाला आठवत नाहीत. सदरलेखक ओकॉनर यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर (१९७८) इतक्या वर्षांनीही वाचले जाते. सदरलेखनाला दुय्यम मानणाऱ्या आमच्या अभ्यासमंडळांनी यावर थोडा विचार करावा. असो.

ओकॉनर यांची सर्वांत प्रसिद्ध रायफल त्यांच्या चाहत्यांत ‘नंबर दोन’ म्हणून ओळखली जाते. विंचेस्टर कंपनीचे मॉडेल ७०, त्यातला वजनाला हलका ‘फेदरवेट’ प्रकार, काडतूस .२७०. कारखान्यातून आलेली ही साधी रायफल ओकॉनर यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरी अल बीझेन यांच्याकडे दिली आणि अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता करून घेतला. वर ल्युपोल्डची चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण, टिल्डन माउंटवर बसवलेली. या लेखणीमुळे बीझेन यांचे नाव देशभर झाले. साहजिकच त्या परिसरात बीझेन यांचा म्हणून सांगितला जाणारा दस्ता बऱ्याच घरांत निघतो. आपल्याकडे गावोगावी समर्थस्थापित मारुती निघतात तसा. बीझेन आज हयात नाहीत, त्यामुळे त्यांनाच विचारावे ही सोय उरलेली नाही.

आता या वस्तूच्या किमतीचा विचार करू. मला यात सर्वांत विलक्षण वाटले ते हे, की हौसेने घडवून घेतलेली रायफल विकायला काढली की तिच्यावर झालेला खर्च क्वचितच वसूल होतो. मालकाने मूळ रायफलीचे पैसे दिले, उत्तम लाकडाचे दिले, कारागिराच्या शेकडो तासांचे दिले. बाजार त्यातले फारसे काहीच मोजत नाही. कारण ती एका शरीराच्या मापाने घडलेली असते. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर मालकाच्या हाताच्या लांबीवर ठरते, गाल टेकतो त्या कडेची उंची त्याच्या चेहऱ्यावर. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला उंची कोट आपण कितीला घेऊ? शिवाय मॉडेल ७० च्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १९६४ मध्ये विंचेस्टरने उत्पादनखर्च कमी करण्यासाठी या रायफलीची रचना बदलली. काडतुसाला पहिल्यापासून पकडून ठेवणारा लांब पोलादी आकडा गेला, दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी गेली आणि तिच्या जागी साच्याने दाबलेली आली. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्व’ हा शब्द त्या जगात आपल्या ‘पेशवेकालीन’सारखा वापरला जातो. संग्राहकाला चौसष्टपूर्व रायफल हवी असते, पण अनाघ्रात, कारखान्यातून आली तशी. तिचा दस्ता बदलला, तिला एखादे जादा छिद्र पाडले की ती त्याच्या लेखी संपली. म्हणजे ज्या कामाने वस्तू अधिक सुंदर आणि उपयुक्त झाली, त्याच कामाने तिचे एका बाजारातले मूल्य घटले. दुसऱ्या बाजारात ते वाढते, पण कारागिराचे नाव सिद्ध झाले तरच.

भावाने आधी नाव बाजूला ठेवून वस्तू पाहिली, हे मला फार आवडले. अनुक्रमांक सात लाखांच्या आतला, म्हणजे रायफल चौसष्टपूर्व. नळीच्या आतल्या पिळाच्या चऱ्या स्वच्छ. काडतुसाकडच्या बाजूला, जिथे तप्त वायूचा पहिला मारा बसतो, तिथे किंचित झीज. अक्रोडाचे रेषे मुठीच्या अरुंद भागातून सरळ गेलेले. ते तिरपे असते तर धक्क्याने लाकूड तिथेच चिरले असते. दस्त्यावरची कोरीव जाळी बारीक आणि एकही रेघ चौकटीबाहेर न गेलेली. जाळी कोरणाऱ्याचा हात जोखायचा तो या कडेवर. मधली रेघ कुणीही सरळ ओढील. चौकटीशी थांबणे कठीण असते. आणि शेवटी स्क्रू. चांगला कारागीर खालच्या पट्टीचे स्क्रू असे बसवतो की घट्ट झाल्यावर त्यांच्या माथ्यावरच्या खाचा नळीच्या रेषेत येऊन थांबतात. इथे त्या तशा होत्या आणि कुणी चुकीच्या पेचकसाने त्यांच्या कडा ओरबाडलेल्या नव्हत्या. एवढ्यावरून काय कळले? काम उत्तम आहे, आणि मालकाने वस्तू निगुतीने वापरली आहे. बीझेन यांचे आहे की नाही, हे मात्र कळले नाही. त्यांच्या कामाची पारख असलेल्या एका जाणकाराला छायाचित्रे पाठवली; त्याने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. कागदपत्रांत हार्डवेअरच्या दुकानाची मूळ रायफलीची पावती सापडली, दस्त्याच्या कामाची सापडली नाही.

हा पेच मराठीच्या विद्यार्थ्याला नवा वाटू नये. तुकारामांची नाममुद्रा ज्या अभंगाच्या शेवटी आहे तो तुकारामांचाच, असे कोणताही जबाबदार अभ्यासक मानत नाही. उलट सालोमालोसारखा माणूस दुसऱ्याच्या रचनेवर आपली मुद्रा उठवतो. म्हणजे नाव असणे हा पुरावा नव्हे, आणि नाव नसणे हाही नव्हे. पण आमच्या क्षेत्रात या अनिश्चिततेची किंमत कुणाला मोजावी लागत नाही. संशयित अभंग गाथेत राहिला काय किंवा परिशिष्टात गेला काय, संपादकाच्या खिशाला झळ लागत नाही. इथे मात्र प्रश्न नैतिक होता. भाऊ गप्प राहिला असता तर ९०० डॉलरांच्या आसपास सौदा झाला असता आणि पुढेमागे पुरावा निघाला असता तर फायदा त्याचा. बाईंचे म्हणणे तसेच मान्य केले असते तर एका ऐकीव गोष्टीसाठी त्याने हजारो डॉलर मोजले असते. मी त्याला एवढेच सांगितले की आमच्याकडचे चांगले संपादक अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या लिहितात. संहितेचा दर्जा एका ठिकाणी, कर्तृत्वाचा दावा दुसऱ्या ठिकाणी. दर्जावरून कर्तृत्व ठरवायचे नाही. ‘इतके सुंदर आहे म्हणजे त्यांचेच असणार’ हा युक्तिवाद आमच्या पिढीने इतक्या परिसंवादांत ऐकला आहे की तो ऐकताच मी सावध होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण जिम कॉर्बेट यांच्या रायफलीचे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती त्यांना भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची.२७५ रायफल, दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी. कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले आणि पुढे ही रायफल याच प्रकाशनसंस्थेकडे गेली. आता ती पुन्हा रिग्बीकडे आहे. इथे दावा आणि वस्तू यांत फट नाही. तरी गंमत पहा, जिच्यामुळे ती मिळाली ती वाघीण या रायफलीने मारलेली नव्हे. ती तर बक्षिसाच्या आधीच मेली होती. या रायफलीचे मूल्य तिच्या नळीत नाही, पट्टीतही पूर्णपणे नाही. ते पुस्तकात आहे. कॉर्बेट यांनी लिहिले नसते तर ती एक जुनी, चांगली, वापरून झिजलेली रिग्बी एवढीच राहिली असती.

कॉर्बेट यांच्या त्याच पुस्तकातला चौगढच्या वाघिणीचा शेवट ज्यांनी वाचला आहे, त्यांना एक तपशील आठवत असेल. डाव्या हातात पक्ष्याची अंडी, मागे वळून पाहिले तर काही फुटांवर वाघीण, आणि रायफल एकाच हाताने, अगदी सावकाश, तिच्याकडे फिरवायची. हे शक्य झाले कारण हाती होती ती हलकी .२७५ होती. दुनळी जड रायफल असती तर ती एका हाताने अशी वळली नसती. वजन हा तिथे तांत्रिक तपशील नाही, कथानकाचा आधार आहे. मी स्वतः या बाबतीत अपराधी आहे. हेमिंग्वे यांची फ्रान्सिस मॅकोम्बरची १९३६ ची कथा मी तुलनात्मक साहित्याच्या तासाला अनेकदा शिकवली. शेवटी पत्नीने झाडलेली गोळी म्हशीवर होती की नवऱ्यावर, यावर मी तासन्‌तास बोललो. त्या कथेत विल्सनकडे प्रचंड .५०५ गिब्ज आहे, मॅकोम्बरकडे .३०-०६ स्प्रिंगफील्ड, आणि पत्नीने उचलली ती लहान ६.५ मॅनलिकर. एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, तिघांच्या बंदुका वेगळ्या का?” मी ‘वास्तवाचा आभास’ असे काहीतरी सांगून पुढे गेलो. अंगावर येणाऱ्या रानम्हशीला थोपवण्यासाठी ती मॅनलिकर फारच हलकी आहे, आणि म्हणूनच त्या गोळीचा हेतू संदिग्ध राहतो, हे मला भावाशी बोलताना कळले. त्या विद्यार्थिनीचे उत्तर देणे अजून बाकी आहे.

हलकेपणाचा विषय निघालाच आहे, तर भावाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पहिल्याहून हा लहान दिसतो, पण माझ्या मते अधिक खोल आहे. रायफलीवर जुनी चौपट दुर्बीण होती, आणि ती धरून ठेवणारा जुना पोलादी माउंट. भाऊ डोंगर चढतो. त्याला तो बदलून वजनाला हलका, मिश्रधातूचा माउंट हवा होता. माउंट म्हणजे रायफलीच्या पाठीवर स्क्रूने बसणारा तळ आणि दुर्बिणीला कवेत घेणाऱ्या दोन कड्या. जुन्या अमेरिकी पोलादी पद्धतीत, जी रेडफिल्डच्या नावाने रूढ झाली, पुढची कडी तळाच्या खाचेत फिरवून अडकवतात आणि मागची कडी दोन बाजूंच्या दोन स्क्रूंमध्ये चिमटीत धरल्यासारखी राहते. दिसायला देखणी, पण जड. आणि ते दोन स्क्रू ढिले पडण्याची एक जागा. मग ही रचना आलीच कशाला? तर जुन्या दुर्बिणींत नेम डावी-उजवीकडे सरकवला की आतली फुली दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून ढळलेली दिसे. म्हणून मोठी दुरुस्ती माउंटच्याच त्या स्क्रूंनी करायची सोय ठेवलेली. नव्या दुर्बिणींत फुली मध्यावरच राहते, म्हणून ती सोय आज अनावश्यक वाटते. जुन्या पोथीतले एखादे वरकरणी विचित्र लेखनचिन्ह असेच असते. ते काढून टाकण्याआधी ते कशासाठी होते हे विचारावे.

हलक्या माउंटचे पर्याय मुख्यतः दोन. एक वीव्हरच्या धाटणीचा ॲल्युमिनियमचा सपाट तळ आणि त्याला आडव्या बोल्टने आवळलेली कडी. स्वस्त, भक्कम, हलका आणि कुरूप. जुन्या वीव्हर कड्या आवळताना दुर्बीण किंचित पिळली जाऊन फुली तिरकी होते, हा तिचा जुना दोष. दुसरा टॅली कंपनीच्या हलक्या माउंटसारखा, ज्यात तळ आणि कडीचा खालचा अर्धा भाग एकाच मिश्रधातूच्या तुकड्यातून कापलेला असतो. सांधाच नाही, म्हणून सांधा ढिला होण्याची भीती नाही. जोडीचे वजन दोन-अडीच औंसांच्या घरात. भावाचा कल याच्याकडे होता आणि माझ्या अडाणी मतेही तो बरोबर होता.

पण त्याला दुर्बीणही नवी हवी होती, पन्नास मिलिमीटर भिंगाची, मोठ्या पट्टीने दृश्य जवळ आणणारी. तिथे मी अडलो. माउंटमध्ये चार औंस वाचवायचे आणि जुन्या दुर्बिणीच्या दुप्पट वजनाची नवी वर चढवायची, यात हलकेपणा कुठे राहिला? शिवाय गोळी सुटल्यावर रायफल मागे झेपावते आणि दुर्बीण आपल्या जडत्वाने जागीच राहू पाहते. तो सगळा ताण बारीक आट्यांच्या त्या चिमुकल्या स्क्रूंवर येतो. दुर्बीण जितकी जड तितका ताण अधिक. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मोठे भिंग नळीला टेकू नये म्हणून कड्या उंच घ्याव्या लागतात, आणि कड्या उंच झाल्या की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. त्या अनाम कारागिराने गालाची कड तासली होती ती एका विशिष्ट उंचीवरच्या दुर्बिणीसाठी. डोळा, गाल, लाकूड आणि काच या चौघांचा तो एक ठरलेला मेळ होता. दस्त्याची स्तुती करायची आणि तो ज्या उंचीसाठी घडवला तीच मोडायची, हे मला वृत्त बदलून शब्द तेच ठेवण्यासारखे वाटते.

भावाने बराच वाद घातला. तो म्हणाला, वस्तू वापरायची असते, संग्रहालयात ठेवायची नसते. ओकॉनर यांच्या रायफली तिथल्या संग्रहालयात आहेतच की. मला त्याचे म्हणणे मान्य आहे. जुनी संहिता आहे तशी गोठवून ठेवण्याचा आग्रह माझाही नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून ती आपल्यापर्यंत नीट आली. पण नाथांनी मागे ठेवली नाही ती त्यांच्यासमोरच्या पाठांची नोंद, आणि त्याची हळहळ अभ्यासकांना आजही आहे. बदल करावा, पण तो मागे घेता येईल असा करावा. मॉडेल ७० वर आधीच असलेल्या छिद्रांत बसणारा हलका माउंट घेतला तर एकही नवे छिद्र लागत नाही. मोठ्या आकाराच्या स्क्रूसाठी जुनी छिद्रे रुंद करून नवे आटे पाडा, असा सल्ला त्याला एकाने दिला होता. त्याला मी ठाम विरोध केला, आणि बंदुकीच्या विषयात मी ठाम बोललो असा तो एकमेव प्रसंग.

शेवटी त्याने रायफल १,५०० डॉलरांना घेतली. नाव नाही असे धरून, पण काम उत्तम आहे असे मानून. बाईंना त्याने आपला सगळा हिशेब समजावून सांगितला आणि पावतीखाली एक ओळ स्वतः लिहून दिली: कारागिराचे नाव पुढे कधी पुराव्याने सिद्ध झाले तर फरकाची रक्कम त्यांना वा त्यांच्या मुलांना मिळेल. कायद्याने त्या ओळीला कितपत अर्थ आहे, याची त्याने चौकशी केलेली नाही. बाई अजून जुन्या खोक्यांत ती पावती शोधत आहेत. दुर्बीण त्याने नवी घेतली ती साधी, चौपट, लहान भिंगाची. कड्या सर्वांत बुटक्या.

परवा त्याने एक छायाचित्र पाठवले. चहाच्या पत्र्याच्या डब्यात जुना पोलादी माउंट, तेलाच्या कागदात गुंडाळलेला, आणि दोन चिमुकल्या पुड्यांत त्याचे स्क्रू. पुड्यांवर मराठीत लिहिले आहे, ‘पुढचे’ आणि ‘मागचे’.